साखरपुड्याचे छायाचित्र नेमके कोणासाठी? लाकेन, सप्टेंबर १८६२

१/
साखरपुडा ठरला की तिथी, सभागृह आणि जेवणावळ यांच्या जोडीने आज छायाचित्रकारही ठरतो. स्थळ कोणते, ऊन कोणत्या वेळेचे, कपड्यांचे रंग कोणते, सोबत कोण असावे, याची याद्यांवर यादी होते. ज्याला लहानपणापासून कॅमेऱ्याचे वेड आहे, त्याला तर हा बेत समारंभाइतकाच महत्त्वाचा वाटतो. ही हौस आजची आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तिचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. आजचा धागा अशाच एका आरंभीच्या साखरपुड्याच्या छायाचित्रांविषयी आणि त्यातील वधूविषयी आहे. ही वधू पुढे आयुष्यभर स्वतःच कॅमेरा हाताळत राहिली.

२/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जगासमोर मांडली गेली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १० फेब्रुवारी १८४० रोजी, राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचा विवाह झाला. त्या विवाहाचे एकही छायाचित्र नाही. समाजमाध्यमांवर ‘व्हिक्टोरियाच्या लग्नाचा फोटो’ म्हणून जे चित्र फिरते, ते रॉजर फेंटन यांनी १८५४ मध्ये, म्हणजे विवाहानंतर चौदा वर्षांनी टिपलेले आहे. त्यात राणी दरबारी पोशाखात आहे. पांढरा पोशाख आणि डोक्यावरचे वस्त्र पाहून लोकांनी त्याला लग्नाचे चित्र ठरवले, इतकेच.

३/
याच राजघराण्यातील आणखी एक प्रसंग पाहा. २५ जानेवारी १८५८ रोजी व्हिक्टोरियाची थोरली मुलगी विकी हिचा विवाह होता. विवाहाला निघण्यापूर्वी आई, वडील आणि नवरी यांचे एकत्र छायाचित्र घेतले गेले. अल्बर्ट आणि विकी त्यात बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, राणीचा चेहरा मात्र पुसट आहे. लेकीच्या पाठवणीच्या विचाराने आपण थरथरत होतो आणि म्हणून आपली प्रतिमा अस्पष्ट आली, अशा अर्थाची नोंद राणीने आपल्या रोजनिशीत केली आहे. त्या काळच्या छायाचित्रात भावनावेग असा प्रत्यक्ष उमटे, आणि छायाचित्रकाराच्या दृष्टीने तो दोषच ठरे.

४/
यानंतर दोन शोधांनी सारे बदलून टाकले. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे काचेवरच्या एका मूळ प्रतीपासून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छोट्या प्रतिमा टिपण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. या प्रतिमा कापून भेटकार्डाच्या आकाराच्या जाड कागदावर डकवत. त्याला नाव पडले ‘कार्त द व्हिझित’. आकार साधारण सहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर, म्हणजे खिशात सहज मावेल इतका.

५/
१८६० मध्ये लंडनच्या मेयॉल या छायाचित्रकाराने व्हिक्टोरियाच्या कुटुंबाची अशी कार्डे राणीच्या संमतीने विक्रीस काढली आणि घरोघरी त्यांचे आल्बम तयार होऊ लागले. आपल्या मावशीच्या चित्राशेजारी राणीचे चित्र लावता येणे, ही सामान्य माणसासाठी अगदी नवी गोष्ट होती. राजघराण्याचे खाजगी आयुष्य प्रथमच दुकानात विकत मिळू लागले. आपल्या कथेतील साखरपुडा याच लाटेच्या ऐन मध्यावर झाला.

६/
वर होता युवराज अल्बर्ट एडवर्ड, घरच्यांचा ‘बर्टी’, पुढे सातवा एडवर्ड. त्याच्यासाठी स्थळे पाहण्याचे काम थोरल्या बहिणीकडे, म्हणजे प्रशियाच्या राजघराण्यात दिलेल्या विकीकडे आले. तिने सुचवलेली मुलगी होती डेन्मार्कची अलेक्झांड्रा. जन्म १ डिसेंबर १८४४, कोपनहेगन. घराणे राजवंशातले, पण राहणी बेताची. बहिणी आपले कपडे स्वतः शिवत. राजकारणाच्या दृष्टीने स्थळ अवघड होते, कारण श्लेस्विग आणि होल्स्टाइन या प्रांतांवरून डेन्मार्क आणि प्रशिया यांचे वैर धुमसत होते. तरीही विकीने मुलीचे छायाचित्र मायदेशी पाठवले. अल्बर्टला ते पसंत पडले.

७/
येथे मराठी वाचकाला क्षणभर थांबावेसे वाटेल. ‘मुलीचा फोटो पाठवा’ हे वाक्य आपल्या कितीतरी पिढ्यांनी ऐकले आहे. पत्रिकेसोबत पाकिटातून जाणारा, स्टुडिओत मुद्दाम काढवून घेतलेला तो फोटो मुलीने स्वतःसाठी कधीच काढलेला नसे. तो पाहणाऱ्यांसाठी असे. १८६० च्या सुमारास युरोपातील राजघराण्यांतही छायाचित्र हेच काम करू लागले होते. तोवर हे काम चित्रकार करत, आणि चित्रकार खुशामत करतो हे सर्वांना ठाऊक होते. छायाचित्र खोटे बोलणार नाही, असा तेव्हाचा समज होता.

८/
छायाचित्र पसंत पडल्यावर पुढची पायरी प्रत्यक्ष भेटीची. २४ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील श्पायर या गावच्या कथीड्रलमध्ये बर्टी आणि अलेक्झांड्रा यांची ‘योगायोगाने’ गाठ पडली. निमित्त जुने चर्च पाहण्याचे होते. योगायोग अर्थातच विकीने घडवून आणला होता. देवळात दर्शनाच्या निमित्ताने मुलगी दाखवण्याची आपल्याकडची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना हा बेत समजावून सांगण्याची गरज नाही.

९/
इतक्यात घात झाला. बर्टीचे आयर्लंडमधील लष्करी छावणीत एका नटीशी जुळलेले प्रकरण घरी कळले. व्यथित अल्बर्ट आजारी प्रकृतीत मुलाला समजावण्यासाठी केंब्रिजला जाऊन आला आणि थोड्याच दिवसांत, १४ डिसेंबर १८६१ रोजी, त्याचा मृत्यू झाला. व्हिक्टोरियाने या मृत्यूचा दोष मनोमन मुलाच्या माथी मारला. विवाह आता केवळ आनंदाचा विषय उरला नव्हता. दिवंगत पित्याची ती इच्छा होती आणि डागाळलेल्या युवराजाला सावरण्याचा तो मार्गही होता.

१०/
सप्टेंबर १८६२ मध्ये ब्रुसेल्सजवळच्या लाकेन राजवाड्यात दोन्ही घराणी आली. हा राजवाडा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याचा, आणि तो व्हिक्टोरियाचा मामा. राणीने मुलगी पाहिली, पसंती दिली आणि ती पुढच्या प्रवासाला गेली. ९ सप्टेंबर रोजी राजवाड्याच्या बागेत बर्टीने मागणी घातली. वर वीस वर्षांचा, वधू सतरा वर्षांची. आणि याच दिवसांत ब्रुसेल्सच्या गेमार बंधूंच्या स्टुडिओने या जोडीची छायाचित्रे टिपली.

११/
असे छायाचित्र घेण्याची तयारी त्या काळी कशी असे? आधी प्रकाश. तेव्हाच्या स्टुडिओला काचेचे छप्पर असे आणि शक्यतो उत्तरेचा मंद, एकसारखा उजेड घेत. आज आपण सूर्यास्तापूर्वीच्या सोनेरी उन्हासाठी जीव टाकतो. कलोडियनच्या काचेला ते ऊन जवळपास निरुपयोगी होते, कारण ती काच मुख्यतः निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई. पिवळा आणि तांबडा प्रकाश तिला ‘दिसत’ नसे. म्हणून चित्र काढायचे ते भर दिवसा.

१२/
याच कारणाने पोशाखाचे रंग ठरवणे हे एक शास्त्र होते. फिकट निळे वस्त्र चित्रात पांढरे येई. लाल आणि पिवळे जवळजवळ काळे होत. निळ्या डोळ्यांच्या माणसाची बुबुळे विलक्षण फिकट दिसत, तर तांबूस डाग आणि वांग प्रत्यक्षाहून ठळक उमटत. हाच नियम आपल्याकडच्या कृष्णधवल ठेव्यालाही लागू आहे. १८६०-७० च्या काळातील एखाद्या छायाचित्रात गडद दिसणारे लुगडे काळेच असेल असे नाही. ते लालभडक किंवा हळदीच्या रंगाचेही असू शकते.

१३/
मग वेळ. काचेवर कलोडियन ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटे. बसणाऱ्याने काही सेकंद अगदी निश्चल राहायचे. त्यासाठी मानेमागे लोखंडी आधार लावत. एकाने बसायचे, दुसऱ्याने खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहायचे, ही जी आपल्या पणजोबा-पणजीच्या चित्रात दिसणारी ठेवण, तिचे मूळ काही अंशी शिष्टाचारात आणि बरेचसे या निश्चलतेच्या गरजेत आहे. टेकलेला हात हलत नाही. हास्य टिकवता येत नाही, गंभीर चेहरा टिकतो.

१४/
तर, लाकेनची छायाचित्रे कार्डरूपाने बाजारात आली. विवाहाला अजून सहा महिने अवकाश होता आणि इंग्लंडने भावी राणीला प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते. तिची ओळख लोकांना झाली ती दुकानाच्या काचेतून. ७ मार्च १८६३ रोजी ती लंडनमध्ये आली तेव्हा रस्त्यांवर अफाट गर्दी लोटली. ज्या चेहऱ्याच्या स्वागताला ही गर्दी आली होती, तो त्यांच्यातील अनेकांच्या आल्बममध्ये आधीच लागलेला होता. साखरपुड्याच्या छायाचित्राने आपले सार्वजनिक काम चोख बजावले होते.

१५/
छायाचित्र कोणाचे, हा प्रश्न त्याच वर्षी कायद्यासमोरही आला होता. जुलै १८६२ मध्ये ब्रिटनमध्ये ललितकला स्वामित्वहक्क कायदा झाला आणि तेथे छायाचित्रांना प्रथमच असे संरक्षण मिळाले. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्रावर, वेगळा लेखी करार नसेल तर, छायाचित्रकाराचा हक्क राहत नसे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १७ व्या कलमातही याच वळणाची तरतूद आहे. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, विपरीत करार नसल्यास, काढवून घेणारा असतो. साखरपुड्याचे छायाचित्रण ठरवणाऱ्यांनी करारपत्र वाचताना ‘विपरीत करार नसल्यास’ या शब्दांवर बोट ठेवावे.

१६/
या सुमारास आपली मुंबई कोठे होती? अजिबात मागे नव्हती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या वर्तुळातील नावाजलेले छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून पुढे आले. आणखी एक दुवा थेट आपल्या वधूशी जुळतो. विवाहाच्याच वर्षी, १८६३ मध्ये, माणकजी कर्सेटजी यांनी मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शिक्षणाची संस्था काढली आणि तिला अलेक्झांड्राचे नाव दिले. नाव मुंबईत पोहोचले, पण ती स्वतः कधीच आली नाही. नोव्हेंबर १८७५ मध्ये युवराज मुंबईत उतरला तेव्हा तिची येण्याची फार इच्छा होती. तिला मागे ठेवण्यात आले.

१७/
आता विवाहाच्या दिवसाचे छायाचित्र पाहू. १० मार्च १८६३, विंडसर. मेयॉल यांच्या या प्रसिद्ध चित्रात नवदांपत्य आहे, पण चित्र त्यांचे नाही. काळ्या वस्त्रांतील व्हिक्टोरिया बसली आहे आणि तिची नजर अल्बर्टच्या संगमरवरी अर्धपुतळ्यावर खिळली आहे. तिच्या लेखी त्या चित्रातील मुख्य व्यक्ती तो पुतळाच आहे. वर-वधू जणू साक्षीदार म्हणून उभे आहेत. लाकेनमध्ये ही जोडी प्रजेसाठी उभी राहिली होती, विंडसरमध्ये ती सासूच्या शोकासाठी उभी राहिली.

१८/
दुसऱ्यांच्या चौकटीत उभ्या केलेल्या या मुलीला कॅमेरा कसा वापरायचा ते मात्र लवकरच उमगले. १८६८ मध्ये डब्ल्यू. अँड डी. डाउनी या स्टुडिओने तिचे एक चित्र टिपले. त्यात तिने आपली चिमुकली मुलगी लुईझ हिला पाठुंगळी घेतले आहे. युवराज्ञीने मूल पाठीवर घेऊन उभे राहावे, हे त्या काळच्या शिष्टाचारात बसणारे नव्हते. पण लोकांना ते इतके भावले की त्याच्या तीन लाख प्रती खपल्याचे सांगतात. गळ्यालगत मोत्यांचे अनेक सर घालण्याची तिची पद्धतही अशीच घरोघर पोहोचली. मानेवरचा एक जुना व्रण झाकण्यासाठी तिने ती सुरू केली, असे म्हणतात.

१९/
१८८० च्या दशकात ती कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. लंडनच्या एका छायाचित्रण शाळेत तिने धडे घेतले. १८८८ मध्ये ईस्टमन यांचा कोडॅक बाजारात आला. किंमत पंचवीस डॉलर, आत शंभर चित्रांची गुंडाळी, आणि गुंडाळी संपली की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. द्रावणे, काचा आणि लोखंडी आधार यांचे राज्य संपले. अलेक्झांड्राला आनुवंशिक विकाराने ऐकू कमी येऊ लागले होते आणि मेजवान्यांतील संभाषण तिला जड जाई. कॅमेऱ्यासाठी मात्र तिचे डोळे पुरेसे होते.

२०/
तिची चित्रे पाहिली की लाकेन किती दूर राहिले ते कळते. जहाजाच्या डेकवर रेंगाळलेली माणसे, कुत्री, नातवंडे, किनारे, आगगाडीच्या वाटेवरचे प्रदेश. क्षितिज कधी तिरके, माणसे कधी अर्धी कापलेली. तिने आपल्या चित्रांचा छाप असलेला चिनी मातीचा चहाचा संच करवून घेतला. १८९७ मध्ये लंडनच्या ईस्टमन प्रदर्शनात तिची चित्रे लागली. १९०८ मध्ये ‘क्वीन अलेक्झांड्राज ख्रिसमस गिफ्ट बुक’ या नावाने तिचा छायाचित्रसंग्रह छापून आला आणि त्याचे उत्पन्न धर्मादाय कामांना गेले. पुस्तकाची मांडणी घरगुती आल्बमसारखी होती. जी राणी एके काळी इतरांच्या आल्बममध्ये चिकटवली गेली, तिनेच आता आपला आल्बम लोकांपुढे उघडला.

२१/
तिच्या संसाराचे चित्र लाकेनइतके स्थिर नव्हते. पतीची प्रकरणे उघड गुपित होती. तरी १९१० मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत हे सहजीवन सुमारे सत्तेचाळीस वर्षे टिकले, आणि तिच्या आल्बममध्ये तोही आहे. साखरपुड्याच्या छायाचित्रातून पुढचे आयुष्य वाचता येत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. ते छायाचित्र इतकेच सांगते की त्या दिवशी या दोघांना कोणाला काय दाखवायचे होते.

२२/
म्हणून, तुमच्यापैकी कोणी असा बेत आखत असेल, आणि स्वतः छायाचित्रणाचा जुना प्रेमी असेल, तर स्थळ आणि पोशाख यांच्या आधी एक प्रश्न ठरवून टाकावा. ही चित्रे कोणासाठी आहेत? आप्तांसाठी असतील तर स्थिर, स्पष्ट, दोन्ही चेहरे उजळ असलेली चार चित्रे पुरतात, आणि ती आधी उरकून घ्यावीत. हे लाकेनचे काम आहे, त्यात कमीपणा नाही. उरलेला वेळ दोघांसाठी राखावा. तेव्हा चित्र थोडे हलले, केस उडाले, कोणी मध्येच हसले, तरी पुसून टाकू नये. १८५८ मधल्या त्या पुसट आईचे चित्र आज आपण सर्वाधिक वेळ पाहतो ते उगाच नव्हे.

२३/
आणखी एक. ज्याला स्वतः चित्र काढायची सवय असते, त्याला दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहणे अवघड जाते. तो प्रकाश मोजत राहतो, चौकट सुधारत राहतो आणि जोडीदार बाजूलाच राहतो. त्यावर साधा उपाय म्हणजे कामाची वाटणी. आधी बसून सारे ठरवावे, आणि त्या दिवशी छायाचित्रकाराला त्याचे काम करू द्यावे. मात्र एक छोटा कॅमेरा जवळ असू द्यावा आणि दोघांनी एकमेकांचे एकेक चित्र टिपावे. लाकेनच्या बागेतल्या सतरा वर्षांच्या मुलीला ही मुभा नव्हती. तिच्या हाती कॅमेरा यायला वीसेक वर्षे जावी लागली.

२४/
शेवटी एक अभ्यास. घरातील जुने विवाहाचे किंवा ‘दाखवण्याचे’ छायाचित्र जाड कागदावर चिकटवलेले असेल तर ते उलटून पाहा. कार्त द व्हिझितच्या काळापासून पाठीमागे स्टुडिओचे नाव आणि गाव छापण्याची चाल होती. कधी हाताने लिहिलेली तारीख सापडते, कधी पाठवणाऱ्याचे नाव. पुढच्या बाजूला चेहरे असतात, पण ते छायाचित्र कोणासाठी काढले होते, हे पुष्कळदा पाठीवरच कळते. काही सापडले तर या धाग्याखाली अवश्य कळवा. पुढचा धागा मुंबईच्या आरंभीच्या स्टुडिओंवर.